संगणकावर बसून भरायचा अर्ज

सगळी माहिती भरून झाल्यावर सोनलने ‘पाठवा’ या बटणावर बोट टेकवलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘हा अर्ज मोबाइलवरून स्वीकारला जात नाही. कृपया संगणकावर बसून, घरातल्यांशी बोलून अर्ज पाठवावा.’

“हे काय? एवढं सगळं भरून घेतल्यावर सांगतात?” सोनल म्हणाली. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

मालनताई दिवाणावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी वाकून ती दोन वाक्यं वाचली. मग सोललेल्या दाण्यांची ताटली उचलून त्या उभ्या राहिल्या.

“नाही जात तर राहू दे आता. पानं घेते.”

“राहू दे काय, आई? भरलेलं सेव्ह झालंय तुझ्या नंबरावर. मी रविवारी लॅपटॉप घेऊन येते, त्याच्यावर उघडू आणि पाठवू. पाच मिनिटांचं काम.”

“रविवारी तुझ्या सासूबाईंना डोळे दाखवायचे आहेत ना?”

“ते शनिवारी. तुला बरं आठवतं गं सोयीचं.”

केदार खिडकीपाशी उभा होता. बहिणीकडे न बघता त्याने विचारलं, “अर्ज गेला?”

“नाही रे दादा. फोनवरून जात नाहीये.”

“का?”

“त्यांनी तसं ठेवलंय. फोन दिसला की अडवायचं.”

केदारने मान हलवली, पण त्याला ते आवडलं नाही हे दोघींनाही कळलं. अर्धवट राहिलेली गोष्ट त्याला सोसत नसे. अर्धवट उघडा खण, कोणीतरी बोलता बोलता सोडून दिलेलं वाक्य, तळाशी थोडं पाणी उरलेली बाटली. तो जाऊन खण लावायचा, वाक्य पुरं करायला लावायचा, पाणी कुंडीत ओतायचा.

अर्ज ‘शेजार’ नावाच्या निवासाचा होता. शीळफाट्याकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आत गेलं की एका गावाच्या कडेला ते एकमजली घर होतं. ज्यांचं वय वाढलं पण ज्यांना एकट्याने राहता येत नाही अशी माणसं तिथे राहत. केदार चाळिशीच्या जवळ आला होता. तो तीन वर्षांचा असताना मुंबईच्या एका डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला, तेव्हा मालनताईंनी तो कागदावर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन शोधला. सापडला नाही. त्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. सापडत नाही म्हणजे नाही असं होत नसतं, एवढं त्यांना तिथल्या कामाने शिकवलं होतं. मग त्यांनी स्वतःच बघून बघून मुलगा समजून घेतला. त्याला काय चालतं, काय चालत नाही, कोणत्या कापडाने अंग खाजतं, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सांगितलं तर तो कान झाकून घेतो आणि मग ओरडत नाही. नवरा गेल्यावरही त्यांचं ठीक चाललं होतं. निवृत्तीनंतर तर फारच ठीक. दिवस दोघांचाच असायचा.

मार्चमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या.

हाड मोडलं नाही, पण डोकं आपटून शुद्ध गेली. केदारने नळ बंद केला. उशी आणून त्यांच्या डोक्याखाली सरकवली. मग उंबऱ्यावर बसून राहिला. ठाण्याहून सोनलचे फोन येत राहिले. फोन वाजत होता, पण आईचा फोन उचलायचा नसतो. शेजारच्या दाराची घंटी वाजवायची, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी भांड्यांची बाई आली, तेव्हा त्याने रोजच्यासारखं दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं, “आई झोपलीय. तिला उठवायचं नाही.” दुपारी आईला उठवायचं नाही, हे मालनताईंनीच त्याला शिकवलं होतं.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. आई पडली तर काय करायचं. हा आकडा, मग हा, मग हिरवं बटण. त्या जमिनीवर आडव्या व्हायच्या आणि केदार बटणं दाबायचा. आठवड्याभरात त्याला ते बिनचूक यायला लागलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण खुर्चीत बसल्या बसल्या गेलो तर ते पडणं नव्हे. आणि पलंगावर गेलो तर ती झोप.

“तो तसाच बसून राहील गं,” सोनल म्हणाली होती. फोनवर ती नेहमी धाडधाड बोलायची, त्या दिवशी सावकाश बोलली. “एक दिवस, दोन दिवस. जेवायला वाढलं नाहीस म्हणून जेवणारही नाही. आणि मी फोन करत राहीन. मला रात्री हेच दिसतं, आई.”

“तुझ्याकडे…” मालनताई म्हणाल्या आणि थांबल्या. सोनलच्या घरी दोन खोल्या, सासू-सासरे, दोन मुली. आणि एकदा केदार तिथे चार दिवस राहिला होता. त्याबद्दल नंतर कोणी बोललं नव्हतं.

‘शेजार’ त्या दोघींनी जाऊन पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मालनताईंनी जागा शोधली नव्हती असं नाही. न्हाणीघरात धरायला दांडे होते. जेवणाची घंटा मंद होती. एक माणूस कोपऱ्यात बसून एकच रिकामा डबा पुसत होता आणि त्याला कोणी हटकत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी केदारला सगळं सांगितलं. अंगण केवढं आहे, फरशी कुठल्या रंगाची, पंख्याचा आवाज येत नाही, भाजीचे वाफे आहेत, टीव्ही एका वेगळ्या खोलीत आहे. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले. पंख्याबद्दल दोनदा विचारलं. उरलेली एक गोष्ट अर्ज पाठवताना त्याला शेजारी बसवून सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि अर्ज जात नव्हता.

त्या रविवारी सोनल लॅपटॉप घेऊन आली, तर मालनताईंना कणकण होती. पुढच्या रविवारी त्यांनी साताऱ्याहून कोणी चुलत नणंद यायची आहे असं सांगितलं. ती आली नाही. तिसऱ्या रविवारी सोनलच्या धाकटीची परीक्षा आली. इमारतीच्या खालीच बंटीचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे संगणक होता, प्रिंटर होता, आणि बंटी येता-जाता म्हणायचा, “काकू, काय ऑनलाइन असलं तर सांगा.” मालनताई त्याच्याकडून विजेच्या बिलाची प्रत काढून घ्यायच्या आणि वर यायच्या.

“अर्ज गेला?” केदार रोज विचारायचा. सकाळी दात घासून झाल्यावर.

“नाही रे. फोनवरून जात नाही तो.”

“फोनवरून जात नाही,” तो म्हणायचा, आणि चहाला बसायचा.

हे उत्तर खरं होतं. प्रयोगशाळेत असल्या खऱ्या उत्तराला त्यांनी सही दिली नसती, हे त्यांना कळत होतं. पण दिवस जात होते आणि घरात दोन कप चहा होत होता.

केदारला मालनताईंचा फोन दिवसातून एकदा, न्याहारीनंतर मिळे. धरण बघायला. बारवी धरणात किती पाणी आहे याचं पान तो उघडायचा, शेवटचा आकडा वाचायचा आणि जिन्यात जाऊन सांगायचा. इमारतीतल्या लोकांना याची सवय होती. “केदार, आज बारवी किती?” असं ऑफिसला जाणारे विचारायचे, आणि टक्के कमी झाले की दुसऱ्या मजल्यावरचे मधुकाका म्हणायचे, “अरे, मग तू आंघोळ जरा कमी पाण्यात कर की.” केदार ते मनावर घ्यायचा आणि खरंच कमी पाण्यात आंघोळ करायचा. फोनच्या पडद्यावर तो तक्ता अर्धाच दिसे. टक्क्यांचा रकाना उजवीकडे कापला जायचा. कधीतरी मधुकाकांच्या सूनबाईंनी त्याला दाखवलं होतं, की वर कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, ते दाबायचे, खाली ‘डेस्कटॉप साइट’ असं येतं, त्याच्या चौकोनात खूण करायची. मग तक्ता पुरा दिसतो. तेव्हापासून तो रोज खूण करायचा, आकडा वाचायचा, खूण काढायचा आणि फोन परत द्यायचा.

एका बुधवारी जेवताना, आमटीत भात कालवत तो म्हणाला, “अर्ज गेला.”

मालनताईंना वाटलं तो विचारतोय. “नाही रे. फोनवरून…”

“गेला. लाल नाही आलं. हिरवं आलं.”

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली.

“कुठे हिरवं आलं?”

“फोनवर. मी चौकोनात खूण केली. धरणाला करतो ती. मग पाठवा दाबलं. मग आकडे आले, ते लिहिले. मग हिरवं.” त्याने घास घेतला, चावला, गिळला. तोंडात घास असताना तो बोलत नसे. “तू म्हणत होतीस फोनवरून जात नाही. जातो.”

मालनताई उठून फोनपाशी गेल्या. हात खरकटा होता, तो धुवायचा राहिला. ‘शेजार’कडून संदेश आलेला होता. अर्ज मिळाला, आभारी आहोत, लवकरच संपर्क करू. खाली ‘अर्ज मागे घ्यायचा असल्यास इथे दाबा’ अशी एक ओळ होती.

“केदार, पाठवताना एक प्रश्न आला असेल बघ. घरातल्यांशी बोलणं झालं आहे का, असा. तिथे तू काय केलंस?”

“हो केलं. बोलणं झालंय.” त्याने भात कालवला. “रोज झालंय.”

त्या पुन्हा पानावर येऊन बसल्या. समोर तो नेहमीसारखा जेवत होता, पण डावा हात मांडीवर थोपटत होता. खूश झाला की तो असं करायचा. आईचं एक काम किती दिवस अडलं होतं आणि ते त्याने केलं होतं. त्याने आजवर सांगितलेलं सगळं केलं होतं, नीट केलं होतं. न सांगितलेलं काही केल्याचं मालनताईंना आठवेना.

“शाबास,” त्या म्हणाल्या.

सोनल फोनवर आधी हसली. “आई, दादाने त्यांना गंडवलं? सिरीयसली?”

“गंडवलं नाही. खूण केली फक्त.”

“तेच गं. फोनने सांगितलं मी कॉम्प्युटर आहे, आणि ते बसले विश्वास ठेवून. आमच्या ऑफिसची पोरंसुद्धा…” मग तिचं हसणं थांबलं. “आई, ऐक. तू आता मागे नको घेऊस. प्लीज. मी तुझ्या पाया पडते.”

“मी कुठे काय म्हटलंय?”

“म्हणत नाहीस, तेच तर आहे तुझं.”

मालनताईंनी अर्ज मागे घ्यायच्या त्या ओळीवर बोट नेलं नाही असं नाही. दुपारी केदार आडवा झाला की त्या फोन घेऊन बसायच्या. एक टिचकी पुरली असती. पण संध्याकाळी तो विचारायचा, “त्यांचं आलं?” आणि त्या म्हणायच्या, “येईल.” त्याने पाठवलेलं आपण खोडलं तर ते त्याला काय म्हणून सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी कल्पिता भोईरचा फोन आला. ‘शेजार’ तीच बघायची. एक खोली रिकामी होते आहे, केदारदादांना घेऊन या, भेटू, खोली बघा, म्हणाली. सोनलला रजा मिळणार नाही असाच वार मालनताईंनी मागितला.

रिक्षा फाट्याच्या अलीकडे आत वळली. केदारने पाठीवर सॅक घेतली होती. त्यात काय आहे ते मालनताईंनी विचारलं नाही. गावात शिरताना एका बाजूला नव्या उंच इमारतींचे सांगाडे होते आणि दुसऱ्या बाजूला म्हशी बसल्या होत्या.

‘शेजार’च्या ओटीवर एक म्हातारी लसूण निवडत बसली होती. कल्पिताची आत्या, तुळसा. तिने वर बघितलं. “ये गो बाय, बस. दमलीस का? न् हा तुजा पोर का? केवरा उंच हाय!” केदारने तिच्या सुपाकडे बघितलं आणि एक पाकळी सालासकट राहिली होती ती उचलून तिच्या हातात दिली. तुळसा तोंडाला पदर लावून हसली. “माज्यावर नजर ठेवनारा आला.”

कल्पिता पस्तिशीची, ठसठशीत, मोकळ्या आवाजाची बाई होती. तिने केदारला टेबलासमोर बसवलं, पण त्याच्या तोंडाकडे रोखून बघितलं नाही. कागद बघत त्याच्याशी बोलली. मालनताईंच्या ते लक्षात आलं.

“केदारदादा, अर्ज कोणी पाठवला?”

“मी. फोनवरून.”

“फोनवरून जातच नाही आमचा.”

“जातो. चौकोनात खूण करायची.”

कल्पिताने मालनताईंकडे बघितलं. मालनताईंनी मान डोलावली. तेव्हा ती खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसली. “कमलेशला सांगते आता. आमचा चुलतभाऊ, त्यानेच बनवलीय वेबसाइट. एवढा भाव खात होता, म्हणे फोन दिसला की बरोबर ओळखतं.”

“कसं ओळखतं?” मालनताईंनी विचारलं. वेळ काढायला विचारलं, आणि जाणूनही घ्यायचं होतं.

“पान उघडताना फोन एक ओळ पाठवतो म्हणे आधी. मी अमुक आहे, तमुक आहे. ती वाचायची नि ठरवायचं.”

“म्हणजे तो सांगेल तेच.”

“तो सांगेल तेच.”

बाटलीवर लिहिलंय म्हणून आत तेच आहे असं धरायचं नाही, असं मालनताई नव्या मुलींना शिकवायच्या.

“पण अडवता कशाला?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “हल्ली सगळ्यांकडे फोनच असतो.”

“म्हणूनच की, काकू.” कल्पिताचं हसू गेलं. “आधी फोनवरून घ्यायचो आम्ही. माणसं कुठूनही पाठवायची. भांडण झालं की पाठव. पोराने ताट फेकलं की पाठव. एक बाई रस्त्यात उभी राहून रडत भरत होती, बाजूला पोरगा गाड्या मोजत होता. मग दुसऱ्या दिवशी फोन, ताई, चूक झाली, फाडून टाका. मी जागा धरून ठेवलेली असायची. आणि ज्याच्यासाठी भरलाय त्याला पत्ताच नसायचा. इथे आणून सोडायचे नि मग तो दाराशी बसून राहायचा, आई येईल म्हणून. आजी गेल्यावर माझा राघोकाका तसाच बसायचा, तेव्हा आम्ही लहान होतो. त्याच्यासाठीच तर आजोबांनी ही जागा ठेवली.” तिने समोरचा कागद सरळ केला. “संगणकापाशी माणूस खुर्ची ओढून बसतो. दोघं बसतात. बोलणं होतं. तेवढंच पाहिजे होतं आम्हाला.”

तुळसा चहा घेऊन आली. केदारने कप घेतला आणि बशी परत केली.

“तर आता मला तुम्हाला विचारावं लागेल,” कल्पिता म्हणाली. “अर्ज त्यांनी एकट्याने पाठवला. चांगलंच आहे, कौतुकाचं आहे. पण समजून पाठवला का? इथे राहायला यायचं आहे, हे कळून? की नुसतं ते लाल जावं म्हणून? तुम्ही नाही म्हणालात तरी राग नाही. मी हा बाजूला ठेवते, तुम्ही घरी जा, बोला, पुन्हा भरा.”

केदार आईकडे बघत नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता. शाळेच्या बाई निकाल सांगायच्या तेव्हा तो असाच आईच्या हाताकडे बघायचा, कारण पास झाला की तो हात त्याच्या पाठीवर येई. शाळेने तिसरीत त्याला कायमचं घरी पाठवलं होतं. त्यानंतर निकाल नव्हता.

नाही म्हणायचं, एवढंच होतं. खरं तर तेच खरं होतं. नाही म्हटलं की रिक्षा पकडून घरी. संध्याकाळी चहा. बंटीचं दुकान बंद असेल, मग पाऊस लागेल, मग गणपती येतील. पण ते त्याच्यासमोर म्हणायचं होतं. याला कळत नाही, याने नुसतं बटण दाबलं. त्याला चाळीस वर्षं लोक हेच म्हणत आले होते, आणि घरात ते म्हणणारं कोणी नव्हतं.

“समजून पाठवला,” मालनताई म्हणाल्या. त्यांचा हात त्याच्या पाठीवर गेला.

कल्पिताने काहीतरी लिहिलं. मग उठली. “चला, खोली बघू.”

खोली मागच्या बाजूला होती. दोन पलंग, दोन कपाटं, मध्ये खिडकीपर्यंत मोकळी जागा. केदार दारात उभा राहून वर बघत राहिला. पंखा फिरत होता आणि खरंच आवाज येत नव्हता. मग तो आत गेला. सॅक उघडून त्याने एक चादर काढली, घरची, निळ्या रेघांची, आणि दाराजवळच्या पलंगावर अंथरली. कोपरे खाली खोचले. मग दुसरी चादर काढली. ती मालनताईंची होती. जुनी, धुवून मऊ झालेली, दुपारी त्या अंगावर घ्यायच्या ती. ती त्याने खिडकीजवळच्या पलंगावर अंथरली आणि तिचेही कोपरे खोचले.

“हा आईचा,” त्याने कल्पिताला सांगितलं. “तिला वारा लागतो.”

बाहेर तुळसा कुणाला तरी हाका मारत होती.

“काकू,” कल्पिता हळूच म्हणाली. “अजून काही बिघडलेलं नाही. मी पुसून टाकते. तुम्ही घेऊन जा त्यांना.”

मालनताईंनी तिला हाताने थांबवलं. त्या खिडकीजवळच्या पलंगावर जाऊन बसल्या.

“केदार, इकडे बस.”

तो समोरच्या पलंगावर बसला.

“मी इथे राहणार नाही. इथे तू राहशील. मी डोंबिवलीला, आपल्या घरी राहीन. दर रविवारी येईन.”

तो पंख्याकडे बघायला लागला. “का?”

त्यांनी मनात तयार केलेली वाक्यं खूप होती. मी कायमची नाही, असं होतं. तुला माणसं हवीत, असं होतं. यातलं एकही त्याला कळण्यासारखं नव्हतं.

“इथे पंचेचाळीस वर्षांच्या आतल्यांनाच घेतात. माझं वय बसत नाही.”

“नियम आहे?”

“नियम आहे.”

त्याने कल्पिताकडे मान वळवली. “नियम आहे?”

“हो, दादा,” कल्पिता म्हणाली. “आहे तसा.”

तो मांडीवर बोटं आपटत राहिला. मालनताई वाट बघत होत्या. लहानपणी एखादी गोष्ट बदलली की तो भिंतीवर डोकं आपटायचा, ओरडायचा, मग त्याला घट्ट धरून बसावं लागायचं. त्याने आता तसं केलं असतं तर त्यांनी दोन्ही चादरी गुंडाळल्या असत्या आणि त्याला घेऊन तडक घरी गेल्या असत्या. कल्पिताला काही सांगायची गरज पडली नसती, सोनललाही नाही. त्याने हात कानांवर नेले, तेव्हा त्या अर्ध्या उठल्याही.

त्याने हात खाली घेतले.

“मग मी अर्ज चुकीचा पाठवला?”

“नाही,” मालनताई म्हणाल्या. “अर्ज बरोबर आहे. तू बरोबर पाठवलास.”

“मग ठीक आहे.”

तो उठला. दाराजवळच्या पलंगावरची आपली चादर त्याने काढली, घडी केली आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्या बसल्या होत्या तो पलंग तो बघत होता.

“तू राहणार नाहीस तर खिडकीकडचा मी घेऊ?”

“घे,” त्या म्हणाल्या, आणि त्याला चादर अंथरता यावी म्हणून उठून उभ्या राहिल्या.